व्होल्गाकाठचा गीतमेळा

मोकळ्या आकाशाखालचा संगीतमहोत्सव म्हटला की आपल्याला १९६९चे वुडस्टॉक आठवते. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९६८मध्ये, व्होल्गाकाठच्या झिगुली टेकड्यांतील रानात काही शे तरुण तंबू आणि गिटारी घेऊन जमले होते. निमित्त होते वालेरी ग्रूशिन या विद्यार्थिमित्राच्या स्मरणाचे. भटकंतीचे आणि गाण्याचे वेड असलेला हा तरुण १९६७च्या ऑगस्टमध्ये सायबेरियातील उदा नदीत बुडणाऱ्या मुलांना वाचवताना मृत्यू पावला होता.

सोव्हिएत राजवटीत नभोवाणी आणि ध्वनिमुद्रिका सरकारच्या हाती होत्या. स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या कवींची गीते ध्वनिफितींच्या घरगुती प्रतींतून हस्ते-परहस्ते फिरत. अरण्यातील शेकोटीने त्यांना श्रोतृवृंद दिला. पुढे मास्त्र्युकोवो तळ्यावर गिटारीच्या आकाराचा मंच उभा राहू लागला, डोंगरउतार हेच प्रेक्षागृह झाले. १९७०चे दशक सरता सरता गर्दी लाखाच्या घरात गेली आणि १९८०मध्ये बंदी आली. १९८६मध्ये मेळा पुन्हा भरला.

त्या गीतांत उघड बंड क्वचितच होते. वाटा, पाऊस, मैत्री हेच त्यांचे विषय. मग सत्तेला खुपले काय? लाखभर माणसांनी कोणाच्याही हुकमाविना, केवळ गाण्यासाठी एकत्र यावे, हेच बहुधा! आज ‘स्वतंत्र संगीत’ म्हणताना आपण बाजारापासूनच्या स्वातंत्र्याचा विचार करतो. या मेळ्याचा इतिहास त्या शब्दाचा अधिक महाग अर्थ सांगतो.