पाकिटातली निविदा

सरकारी खरेदीत दुर्बलांचा वाटा राखायचा, हे आपल्याकडे उशिराच सुचले. केंद्राच्या २०१२च्या धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २० टक्के खरेदी राखली. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. महिलांचे ३ टक्के यायला २०१८ साल उजाडले. महाराष्ट्रात मात्र बायकांच्या वाट्याचे भांडण त्याआधीच पेटले होते, आणि तेही अंगणवाडीतल्या पाकिटावरून.

अंगणवाडीचा आहार दोन तऱ्हांचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम खिचडी मिळते. त्याहून लहान बाळे, गरोदर आणि स्तनदा माता यांना तेव्हा घरी न्यायला शिरा, उपमा, सुकडीची पाकिटे मिळायची. ७ ऑक्टोबर २००४ रोजी, अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने बजावले: या कामात ठेकेदार नकोत, शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांकडून करून घ्या.

झाले असे, की गावातल्या गटांकडे चूल आली आणि पाकिटे, म्हणजे खरा पैसा, मोजक्या मोठ्या महिला संस्थांकडे गेला. नावात ‘महिला’ होतेच! २०१२मध्ये न्यायालयाच्या आयुक्तांनीच दाखवून दिले, की त्यांच्याआड उत्पादन खासगी कंपन्या करत होत्या.

पुढची निविदा निघाली ८ मार्च २०१६ रोजी. महिला दिनीच, योगायोग म्हणू. तालुक्यातालुक्यांचे प्रकल्प एकत्र बांधून राज्यभर ७० मोठे तुकडे केले होते आणि उलाढालीची अट त्याच मापाची. आता यवतमाळचे पाहा. ‘उमेद’ अभियान राज्यात ज्या दहा जिल्ह्यांत आधी सघनपणे राबवले, त्यांतला हा एक. तेव्हा इथला गट म्हणजे दहा-वीस बायका, आठवड्याची बचत आणि दहा-पंधरा हजारांचा फिरता निधी. त्यांनी कोट्यवधींची उलाढाल कुठून दाखवायची? ‘तुम्हाला मनाई नाही’ असे निविदा म्हणत होती आणि दार बंद करत होती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तेव्हाच्या २००९च्या केंद्रीय निकषांनुसार या आहारात सूक्ष्म पोषक द्रव्ये मिसळावी लागत होती. त्याला यंत्रे लागतात, तपासणी लागते. पण यंत्र लागते म्हणून सत्तर तुकडेच का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. एका तालुक्यापुरते यंत्र गटांच्या संघाला कर्जाने देता आले असते.

वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी ती निविदा रद्द केली. रक्कम सुमारे ६,३०० कोटींची. तुकडे मोठे करणे आणि उलाढालीची अट वाढवणे यांमुळे खरे बचत गटच बाहेर राहतात, हे न्यायालयाने ओळखले. निविदा नव्याने काढायला सांगितली.

पण तोवर तीन वर्षे गेली होती. झरी जामणीच्या कोलाम पोडावर २०१६ साली जन्मलेले बाळ पाकिटाच्या वयातून बाहेर पडून खिचडीच्या पंगतीला बसले होते.