भोवऱ्याच्या कडेवरील कानशीच्या खुणा

१/१२
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीतून दोन भोवरे हाती आले. एक लाकडी, त्याची मूळची आर काढून कोणीतरी अधिक अणकुचीदार खिळा ठोकलेला. दुसरा माझ्या शाळकरी वयातला बेब्लेड. दोन्ही झुंजीचेच. मात्र पहिल्यावर माणसाच्या हाताची खूण होती, दुसऱ्यावर केवळ झीज. हा फरक कोठून आला, हे शोधताना थेट जपान गाठावे लागले. त्याचाच हा थ्रेड.

२/१२
'बेब्लेड' या नावातील 'बे' आला आहे 'बेगोमा' या जुन्या जपानी भोवऱ्यावरून. 'बाइ' जातीच्या समुद्री शंखाची पोकळी वाळूने वा मातीने भरायची, मेणाने बंद करायची आणि दोरी गुंडाळून तो फिरवायचा, हा मूळ 'बाइगोमा'. टोकियोकडील उच्चारात त्याचा बेगोमा झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शंखाची जागा ओतीव लोखंडाने घेतली. तरी शंखाचा निमुळता आकार आणि अंगावरची वळी साच्यात टिकून राहिली.

३/१२
खेळ सोपा होता. बादलीच्या वा पिंपाच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधायचे. मधोमध किंचित खोलगट झालेले ते कापड म्हणजे आखाडा. दोघांनी भोवरे सोडायचे. जो बाहेर फेकला गेला वा आधी थांबला, तो हरला. 'खरा' डाव ठरला असेल, तर हरलेला भोवरा जिंकणाऱ्याच्या खिशात जाई. वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना हा जुगार वाटे, तो याचमुळे. आपल्या भोवऱ्याची पारख चुकली, तर मुलाला तो गमवावा लागे.

४/१२
म्हणून पारख काटेकोर असे. भोवरा जितका ठेंगणा, तितका तो प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली शिरून त्याला उचलून फेकतो. कडा जितकी कोनदार, तितका तडाखा जबर. पण उंची कमी करण्यासाठी धातू घासला की वजन घटते, आणि हलका भोवरा स्वतःच बाहेर फेकला जातो. एक गुण वाढवताना दुसरा हातचा जातो. किती घासावे आणि कोठे थांबावे, हे ठरवणे म्हणजेच बेगोमाचे मूल्यमापन.

५/१२
हे मूल्यमापन कागदावर उतरले नाही, ते धातूवर उतरले. मुले कानशीने, दगडावर, प्रसंगी रस्त्याच्या काँक्रीटवर भोवरे घासत. साच्यातून एकसारखे निघालेले भोवरे काही दिवसांत एकमेकांपासून ओळखता येण्याजोगे वेगळे होत. संग्राहकाच्या नजरेला असा नमुना 'खराब झालेला' वाटू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तो एका अनाम मुलाच्या विचाराचा पुरावा आहे.

६/१२
आता साच्यांकडे वळू. टोकियोलगतचे कावागुची हे ओतशाळांचे गाव आणि बेगोमाचे प्रमुख उत्पादनकेंद्र. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचे ज्योतीपात्रही येथेच ओतले गेले. १९४१ साली जपान सरकारने युद्धासाठी धातू गोळा करण्याचा आदेश काढला, त्याची झळ खेळण्यांनाही लागली. त्या काळात चिनी मातीचे आणि काचेचे बेगोमा निघाले. आदळून फुटणाऱ्या पदार्थाचा झुंजीचा भोवरा! युद्धकाळातील टंचाई मुलांच्या तळहातापर्यंत कशी पोहोचली, हे सांगायला याहून नेमका पुरावा क्वचितच मिळेल.

७/१२
१९९९ साली ताकारा या कंपनीने बेब्लेड बाजारात आणला. त्याच वर्षी ताकाओ आओकी यांची चित्रकथा 'कोरोकोरो कॉमिक' या मासिकात सुरू झाली. यात दोन मूलभूत बदल होते. भोवरा अखंड राहिला नाही. वरचे आघातचक्र, मधली वजनदार चकती आणि खालचा तळ असे त्याचे अदलाबदल करता येणारे भाग झाले. आणि दोरी जाऊन दातेरी पट्टी ओढण्याचे लाँचर आले.

८/१२
यांपैकी दुसरा बदल सहसा दुर्लक्षिला जातो. बेगोमात दोरीला गाठी मारून ती गुंडाळण्याची रीत हेच एक कौशल्य होते. ते हाताला जमेपर्यंत उत्तम भोवराही निरुपयोगी. लाँचरने नवख्या मुलालाही पहिल्याच दिवशी आखाड्यात आणले. सोडण्याचा कोन आणि जोर यांचे महत्त्व उरले, पण हाताहातांतील अंतर बरेच कमी झाले. साहजिकच हार-जीत समजून घेताना लक्ष भागांच्या निवडीकडे वळले.

९/१२
२००८ पासूनच्या धातुचक्रांच्या पिढीत तर नावच मोजमाप झाले. 'स्टॉर्म पेगासस १०५आरएफ' घ्या. 'स्टॉर्म' हे धातूचे चक्र, १०५ म्हणजे मधल्या भागाची उंची १०.५ मिलिमीटर, 'आरएफ' म्हणजे रबरी सपाट टोक. ठेंगणा असल्याने तो खालून घाव घालतो, रबराच्या पकडीमुळे आखाड्यात सुसाट धावतो. मात्र त्याच घर्षणाने लवकर दमतो. उलट, वजन कडेकडे आणि टोक अणकुचीदार असेल, तर भोवरा एका जागी दीर्घकाळ फिरतो. उंचीचा आणि टोकाचा हा हिशेब बेगोमाच्या मुलांच्या परिचयाचाच होता.

१०/१२
फिरण्याची दिशाही मोजावी लागते. एकाच दिशेने फिरणारे भोवरे भिडतात, तेव्हा स्पर्शबिंदूवर त्यांच्या कडा परस्परविरुद्ध धावतात. घाव जबर बसतो. विरुद्ध दिशेने फिरणाऱ्यांच्या कडा तेथे एकाच दिशेने सरकतात. धक्का सौम्य होतो आणि वेगवान भोवऱ्याची काही गती मंदावलेल्याला मिळते. म्हणून एका विजयावरून निष्कर्ष काढू नये. तोच प्रतिस्पर्धी, तोच आखाडा, अनेक फेऱ्या; 'बाहेर फेकले' आणि 'अधिक काळ टिकला' यांची नोंद वेगवेगळी. एका साधनावर विसंबू नये, हे आपण इतिहासातही शिकतोच.

११/१२
येथे सर्वांत मोठा फरक दिसतो. अधिकृत बेब्लेड स्पर्धांत भाग घासणे, कापणे वा त्यांचे वजन वाढवणे निषिद्ध आहे. त्यामुळे सर्वांना समान नियम मिळाले, हे खरेच. पण भोवऱ्याला आकार देण्याचा अधिकार मुलाकडून कारखान्याकडे गेला. मुलाकडे उरली ती निवड. या निवडीतही बुद्धी लागतेच, परंतु भाग सुटे केले की तिचा मागमूस उरत नाही. शंभर वर्षांनी पेटीत सापडलेला बेब्लेड आपल्या मालकाविषयी त्या घासलेल्या लोखंडाइतके बोलणार नाही.

१२/१२
म्हणून एक विनंती. घरात जुना भोवरा सापडला, तर चकचकीत करण्याच्या नादात त्यावरच्या खुणा घालवू नका. आर कोणी बदलली, कशासाठी, कोणाविरुद्ध, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. बेब्लेड असेल, तर कोणते भाग एकत्र लावत होतात आणि का, हेही लिहा. माझ्या लाकडी भोवऱ्याचा खिळा काकांनी ठोकला होता, हे मला कालच कळले. कोणाविरुद्ध, ते मात्र त्यांना आता आठवत नाही.