झाडाचं मूळ गाव आणि उल्हासनगरचा उकाडा

उल्हासनगरवर आजवर बरंच लिहिलं गेलं. त्यात बराकी आहेत, फाळणी आहे, सिंधी बांधवांची जिद्द आहे, जीन्सचा बाजार आहे, बेकायदा इमारतींचे खटले आहेत. झाडं मात्र फारशी नाहीत. मी कॅम्प ५ मध्ये राहतो. मे महिन्यात दुपारी बाजारातून घरी यायचं तर सावली शोधत यावं लागतं, आणि ती दुकानांच्या पत्र्यांखाली मिळते, झाडाखाली क्वचितच. असं का झालं, याचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे आणि थोडंसं आपल्या मनातही आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्कराने कल्याणजवळ मोठी छावणी उभारली. तिला कल्याण कॅम्प म्हणत. लांबच लांब बराकी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींचा तात्पुरता मुक्काम. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच बराकींत जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथं कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव बदललं तरी कॅम्प एक ते पाच हे लष्करी हिशेब तसेच राहिले. ज्याला काही महिन्यांत पुढं जायचंय, तो आंबा लावत नाही. आणि ज्याचं घरदार मागं राहिलंय, त्याला आधी छप्पर आणि दुकान लागतं. त्यामुळे या शहरात झाडाचा विचार कायम दुसऱ्या नंबरवर राहिला.

सिंधमधून आलेली माणसं उन्हाला नवखी नव्हती. सिंधच्या मोठ्या भागात वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक. हैदराबाद सिंधच्या घरांवर 'मंघ' नावाचे वारा पकडणारे झरोके असत. नैऋत्येचा वारा त्यांतून थेट खोलीत उतरायचा. बाभूळ, कडुनिंब, शमी ही त्या मुलखाची झाडं. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि अंग गार होतं. म्हणून तिथं थोडी सावली आणि माठातलं पाणी यांवर दुपार निभावून नेता येते.

कल्याणच्या पट्ट्यातला उकाडा वेगळा आहे. खाडी जवळ, समुद्र फार लांब नाही. इथं चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा सिंधपेक्षा खाली असला तरी हवा ओली असते. घाम येतो पण सुकत नाही. अशा हवेत माणसाला दोन गोष्टी लागतात : डोक्यावर सावली आणि अंगाला वारा. झाड दाट पण बुटकं असेल तर सावली मिळते, वारा अडतो. झाड नुसतंच उंच आणि सडपातळ असेल तर दोन्ही मिळत नाही. बुंधा सरळ वर जाणारा, डोक्याच्या वर पसरलेला पर्णसंभार, उन्हाळ्यात पानं टिकवणारा, आणि जूनच्या वादळी पावसात न मोडणारा, असं झाड या हवेला हवं. शिवाय मुळाशी पाणी साचलं तरी तग धरणारं. एवढ्या अटी लावल्या की यादी आपोआप छोटी होते. कडुनिंबासारखं गुणी झाडही इथं जपून लावावं लागतं. साचलेलं पाणी त्याला मानवत नाही.

झाडं कोणी निवडली?

आपल्या शहरांत आज जी झाडं दिसतात, ती निवडण्यामागे प्रत्येक काळाचा स्वतःचा हिशेब होता. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिची देखरेख करत. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. परदेशी रोपं इथं रुजतात का, हे अशा बागांतून पाहिलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण अमेरिकेकडचा पर्जन्यवृक्ष, म्हणजे रेन ट्री, हिंदुस्थानात आला आणि रस्ते, बंगले, छावण्या यांच्या कडेने पसरला. लवकर वाढतो, मोठी छत्री धरतो, संध्याकाळी पानं मिटतो. साहेबाला पटकन सावली हवी होती, ती मिळाली.

गुलमोहर मादागास्करचा. त्याच्या नावातला 'गुल' फारसी, आणि साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. इतका तो आपला झालाय. फुलतो तेव्हा डोळे निवतात. पण मार्च-एप्रिलमध्ये, सावलीची खरी गरज असते तेव्हा, त्याच्या फांद्या बऱ्याचदा उघड्या असतात. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. जोराचा वारा आला की आधी तो पडतो.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपं लावण्याचा ठरला. पुढं जळण आणि चाऱ्यासाठी मेक्सिकोकडची सुबाभूळ आली. शेतकऱ्याला तिचा उपयोग झाला, पण शहराच्या मोकळ्या जागेत तिच्या शेंगा पडल्या की तिथं दुसरं काही उगवू देत नाही. २०१६ साली राज्य सरकारने एका दिवसात दोन कोटी रोपांची मोहीम घेतली. मग चार, तेरा, तेहतीस कोटी असे आकडे वाढत गेले. आकडा मोजायचा असला की लवकर वाढणारं, रोपवाटिकेत सहज मिळणारं, गुरं न खाणारं झाड पुढं येतं. अलीकडे नव्या सोसायट्यांच्या कुंपणाला कोनोकार्पस लावतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली.

छावणीचा, जळणाचा, मोहिमेचा हिशेब झाला. त्या झाडाखाली उभं राहून रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईचा हिशेब क्वचितच कोणी केला.

'आपल्या मातीतलं'

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं झाड होतं. ते गेलं, आणि जागी काय लावायचं यावर चार शेजारी जमले. एक जण म्हणाला, "विदेशी झाड नको, आपल्या मातीतलं पाहिजे. बाहेरची झाडं इथली जागा खातात." त्याचं म्हणणं झाडांपुरतंच होतं, याची मला खात्री आहे. तरीही आडनाव सांगितलं की "मूळचे कुठले?" असं विचारलं जाणाऱ्या माणसाच्या कानाला ही भाषा ओळखीची वाटते. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर सिंधी गृहस्थांनी हसून विचारलं, "साईं, मग आम्ही कुठल्या मातीतले?" ज्यांचं जन्मगाव आज दुसऱ्या देशात आहे, अशा माणसांनी वसवलेल्या शहरातच हा प्रश्न पडू शकतो.

म्हणून थोडा इतिहास पाहू. चिंच आपल्याला अगदी घरची वाटते. गावच्या पारावर, दर्ग्याच्या आवारात, आमटीत, सारात ती आहेच. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं मूळ आफ्रिकेत मानतात. ती इतक्या प्राचीन काळी इथं आली, की अरबांनी तिला पाहून 'तमर हिंदी', म्हणजे हिंदी खजूर, असं नाव दिलं. तेच पुढं युरोपात टॅमरिंड झालं. आफ्रिकेचं झाड जगभर हिंदुस्थानच्या नावाने ओळखलं जातं.

गोरखचिंचेची गोष्ट तर आणखी गमतीची. तिचा फुगीर बुंधा वसईच्या किल्ल्यात पाहायला मिळतो. मांडूला तिला खुरासानी इमली म्हणतात. खरं तर ती आफ्रिकेची, अरब व्यापारी आणि हबशी यांच्याबरोबर आली असावी असं मानतात. एका ठिकाणी लोकांनी तिला खुरासानचं नाव दिलं, दुसरीकडे गोरखनाथांचं. काजू पोर्तुगीजांनी आणला, आणि आज काजूशिवाय कोकणची कल्पना करता येत नाही. झाडाचं मूळ गाव विचारायला हरकत नाही. पण तेवढ्यावर त्याची लायकी ठरवली तर चिंचही तोडावी लागेल.

अर्थात 'देशी' या शब्दाला पर्यावरणशास्त्रात खरा अर्थ आहे, तो नाकारून चालणार नाही. हजारो वर्षं एकत्र वाढलेल्या झाडांवर इथले किडे, फुलपाखरं, पाखरं पोसली जातात. उंबराच्या फळावर किती जीव जगतात ते पाहावं. मुंबईत पिठ्या ढेकणाने शेकडो पर्जन्यवृक्ष वाळून गेले. एकाच जातीवर विसंबण्याची ती किंमत होती. पण ही चूक देशी झाडांबाबतही होते. सातवीण अस्सल इथली, सदाहरित. तीच रांगेने लावली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांच्या उग्र वासाने डोकं धरणारी माणसं मी पाहिली आहेत. वड-पिंपळ पूजनीय, पण सहा फुटांच्या गल्लीत ते भिंत फोडतात. मग त्यांच्यावर कुऱ्हाड चालते. तेव्हा विचारायचं ते असं : या जागेत, या हवेत, पुढची पन्नास वर्षं हे झाड माणसाला आणि पाखराला काय देईल?

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कुठून घ्यावं, याचे नियम आहेत. आंबा-फणसाची लाकडं आरमाराच्या उपयोगाची, पण ती झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून जबरदस्तीने तोडू नयेत, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या विचारात झाडाची जात येते, त्याला लागणारा काळ येतो आणि ते वाढवणारा माणूसही येतो. आपल्या मोहिमांतून नेमका हा माणूस गळतो.

कॅम्प ५ साठी

मग इथं काय लावावं? रुंद रस्त्याला करंज. तो वसंतात पानं टाकतो, पण एप्रिल उजाडेपर्यंत नव्या पोपटी पालवीने भरतो आणि पावसात पाणी साचलं तरी टिकतो. अरुंद गल्लीत बकुळ. सावकाश वाढते, बारमाही हिरवी राहते, फांद्या सहसा मोडत नाहीत. शाळेच्या किंवा मशिदी-मंदिरांच्या आवारात, जिथं जागा आहे, तिथं जांभूळ, चिंच, सातवीण, प्रत्येकी एखादंच. वालधुनी नदी शके ९८२ मधल्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते. आज तिचा नाला झालाय. तिच्या काठावर मुळांनी माती धरणारी झाडं हवीत : अर्जुन, उंबर, करंज, ताम्हण. ताम्हण हे तर आपलं राज्यफूल आणि ते मुळात ओढ्याकाठचंच. आणि आहे तो पर्जन्यवृक्ष परदेशी म्हणून तोडू नये. त्याची उंच छत्री खालून वारा जाऊ देते. त्याच्या वाळक्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवाव्यात, एवढंच.

झाडाची निवड बरोबर असूनही ते मरतं, कारण बुंध्यापर्यंत काँक्रीट येतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे १९७५ पासून शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला. उल्हासनगर १९४९ चं. वसाहतीच्या पहिल्या पिढीने लावलेलं जे काही उरलं असेल, ते आता या व्याख्येत बसतं. ती झाडं मोजून घ्यायला हवीत, वय नोंदवून घ्यायला हवं.

आमच्या गल्लीत शेवटी बकुळ ठरली. खड्डा तीन फूट खणला, भोवतीच्या फरश्या काढल्या. पाणी घालण्याची पाळी वाटून घेतली आहे, सोमवार-गुरुवार माझ्याकडे. बकुळीला नीट सावली धरायला दहा-बारा वर्षं लागतील. तोवर तिच्या बुंध्याशी कोणी स्कूटर लावू नये, म्हणून दोन विटा आडव्या ठेवल्या आहेत.