शेफील्डचे पोलाद आणि लग्नाचा केक

विवाह, वाढदिवस किंवा नाताळ अशा प्रसंगी केक कापण्यासाठी वापरला जाणारा लांब चाकू आणि कापलेला तुकडा न मोडता उचलून ताटलीत ठेवण्यासाठी वापरले जाणारे त्रिकोणी, चपटे उलथणे, म्हणजेच ‘केक सर्व्हर’, ही जोडी निवडताना आज बहुधा मुठीवरील नक्षी, धातूची झळाळी आणि मखमली अस्तराची पेटी यांकडे लक्ष जाते. परंतु या जोडीचा आकार, तिचा धातू आणि तिच्या मुठीची घडण यांतील फारच थोडे केवळ शोभेसाठी योजलेले आहे. चाकूच्या पात्याचे दाते, सर्व्हरची पसरट जीभ आणि चांदीचा मुलामा या सर्वांमागे कारागिरांना एके काळी भेडसावणारी प्रत्यक्ष अडचण होती, आणि त्या अडचणींचा शोध घेऊ लागले असता तो इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेफील्ड या शहरापर्यंत जाऊन पोहोचतो.

डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन या पाच नद्यांच्या वेगवान प्रवाहांवर पाणचक्क्या फिरवणे शक्य असल्यामुळे, तसेच धार लावण्याच्या चाकांना योग्य असा वालुकाश्म जवळच्या टेकड्यांतच मिळत असल्यामुळे शेफील्डमध्ये चाकूंचा धंदा मध्ययुगातच रुजला होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू असल्याचा उल्लेख केला, यावरून त्या मालाची कीर्ती तेव्हा दूरवर पसरलेली होती हे स्पष्ट होते. १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशर’ ही कारागिरांची श्रेणी स्थापन झाली आणि उमेदवारीचे नियम, मालाचा दर्जा व प्रत्येक कारागिराची स्वतंत्र खूण यांवर तिची देखरेख सुरू झाली. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने, घड्याळांच्या कमानींसाठी एकजीव पोलाद हवे म्हणून, बंद मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवण्याची रीत बसवली. मुशीतील या पोलादात मळीचे थर राहत नसल्याने त्याला सर्वत्र सारखी धार येई, आणि पातळ तरीही ताठ असे लांब पाते घडवणे त्यामुळे पुष्कळ सुकर झाले.

एवढे उत्तम पोलाद हाती असूनही मेजवानीच्या मेजावर त्याची एक मोठी उणीव उघडी पडत असे. कार्बनयुक्त साध्या पोलादावर लिंबू, व्हिनेगर किंवा फळांचा आंबट रस लागला की पाते काळे पडते आणि पदार्थाला लोखंडी चव येते. मासा लिंबाच्या रसासह वाढला जाई आणि गोड पदार्थांत फळे असत. म्हणून श्रीमंत घरांत या दोहोंसाठी चांदीची पाती वापरण्याची पद्धत पडली. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रज चांदीकाम करणाऱ्यांनी रुंद, चपट्या आणि अनेकदा जाळीदार पात्याचे मासा वाढण्याचे उलथणे घडवण्यास सुरुवात केली, आणि आजच्या केक सर्व्हरचा पूर्वज हाच मानावा लागतो. पात्यातील जाळीचा उपयोग माशाचे पाणी निथळून जाण्यासाठी होत असे; केकच्या बाबतीत निथळण्यासारखे काहीच नसले, तरी अनेक सर्व्हरांवर ती जाळी आजही कोरली जाते.

चांदी सर्वांना परवडणारी नव्हती, आणि या अडचणीतूनच शेफील्डचा दुसरा मोठा धंदा जन्माला आला. टॉमस बोल्सोव्हर हा कारागीर १७४३ च्या सुमारास चाकूच्या मुठीची दुरुस्ती करीत असताना चांदी आणि तांबे तापून एकमेकांस चिकटले आणि दोन्ही धातू दाबाखाली एकत्रच पसरतात हे त्याच्या ध्यानात आले, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा बसवून, तापवून आणि लाटून केलेला हा दुपदरी पत्रा ‘शेफील्ड प्लेट’ या नावाने प्रसिद्ध झाला. खऱ्या चांदीचे कामही वाढत होते. आपला माल तपासणीसाठी दूरच्या शहरांत पाठवण्याचा खर्च आणि धोका टळावा म्हणून बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथील व्यावसायिकांनी संसदेकडे दाद मागितली, आणि १७७३ मध्ये दोन्ही शहरांना चांदीची शुद्धता तपासून छाप मारणारी कार्यालये मिळाली. जहाजाचा नांगर ही बर्मिंगहॅमची खूण ठरली आणि मुकुट ही शेफील्डची. १९७५ पासून शेफील्डच्या मुकुटाची जागा गुलाबाने घेतली आहे.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जॉन राइट या शल्यवैद्याने शोधलेल्या सायनाइडच्या द्रावणात वस्तू बुडवून वीजप्रवाह सोडला असता चांदीचा सलग आणि घट्ट थर तिच्यावर बसत असे. मुलाम्याखाली आता तांब्याऐवजी तांबे, निकेल आणि जस्त यांचा पांढरट मिश्रधातू, म्हणजे मराठी घरांना परिचित असलेले ‘जर्मन सिल्व्हर’, वापरले जाऊ लागले, कारण मुलामा झिजला तरी आतला धातू तांब्यासारखा लाल दिसत नसे. अशा वस्तूंवर ‘ईपीएनएस’ ही अक्षरे ठोकलेली असतात आणि ती अनेकदा लहान ढालींच्या चौकटीत अशी मांडलेली असतात की अननुभवी डोळ्याला ती शुद्ध चांदीची छापच वाटावी. या स्वस्त मुलाम्यामुळे पेटीबंद वाढणीचे संच मध्यमवर्गीय विवाहाच्या आहेरात शिरले. त्याच शतकात सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडण्याऐवजी ते एकामागून एक वाढण्याची ‘रशियन’ म्हणून ओळखली जाणारी रीत युरोपात रूढ होत होती, आणि तिच्यामुळे प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र हत्यार असावे ही अपेक्षा बळावली. अमेरिकेत तर ही हौस इतकी वाढली की १९२५ मध्ये व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या पुढाकाराने चांदीच्या एका नमुन्यातील वस्तूंची संख्या ५५ वर मर्यादित करण्याचे उत्पादकांनी मान्य केले.

केकचा स्वतःचा इतिहासही याच काळात वळण घेत होता, आणि चाकूचे रूप ठरवण्यात त्याचा वाटा चांदीपेक्षा मोठा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लग्नात ‘ब्राइड पाय’ नावाचा आच्छादित खाद्यप्रकार असे. १७६९ मध्ये एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या पाकपुस्तकात वधूच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा, असे दोन लेप देण्याची कृती आली, आणि आजही हाच क्रम पाळला जातो. केकचे लहान तुकडे अंगठीतून ओवून उशाखाली ठेवल्यास भावी जोडीदार स्वप्नात दिसतो, अशी श्रद्धाही त्या काळी होती. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या राणी व्हिक्टोरिया यांच्या विवाहातील केक सुमारे ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो वजनाचा आणि ९ फूट परिघाचा होता, तरी त्याला मजले नव्हते. १८५८ मध्ये त्यांच्या थोरल्या कन्येच्या लग्नात मजल्यांचा केक दिसला, पण त्याचा खालचा भाग तेवढा केक होता आणि वरचे सारे साखरकाम होते; सर्व मजले खाण्याजोगे असलेला केक १८८२ मध्ये राणीचे पुत्र लिओपोल्ड यांच्या विवाहात मांडला गेला.

वरच्या मजल्यांचा भार पेलायचा तर खालचा लेप कठीण असणे भागच होते. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेला ‘रॉयल आयसिंग’ हा लेप वाळला की दगडासारखा होतो, आणि त्याखाली बदामाचा चिकट थर व त्याखाली सुक्या मेव्याने गच्च भरलेला जड केक असतो. गुळगुळीत धारेचे पाते अशा लेपावर घसरते, आणि अधिक जोर लावल्यास लेपाचे तुकडे उडतात. करवतीसारखे दाते असलेले पाते मात्र आधी लेपाला खाच पाडते आणि मग खाली उतरते; अमेरिकी चांदीकाम करणारे तर अशा हत्याराला उघडपणे ‘केकची करवत’ म्हणत. लेप थोडा मऊ राहावा म्हणून त्यात ग्लिसरीन घालण्याची युक्ती पुढे निघाली. पूर्वी एकटी वधू केक कापत असे. वर तिच्या हातावर हात ठेवतो या आजच्या रिवाजाचा संबंध अनेकांनी या कठीण लेपाशी जोडला आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. वसई, मुंबई आणि गोवा येथील ख्रिस्ती समाजांच्या लग्नांतून हा रिवाज, तो केक आणि सोबत पांढरी फीत बांधलेला चाकू महाराष्ट्र-गोव्याच्या जीवनातही स्थिरावला.

या चकाकत्या वस्तूंची किंमत कोणी मोजली याचा उल्लेख टाळून शेफील्डचा इतिहास लिहिता येत नाही. धार लावणारा कारागीर फिरत्या दगडी चाकावर ओणवा बसून काम करी. दगड ओला असल्यास धूळ कमी उडे, पण काटे कोरड्याच दगडावर घासले जात आणि दगडाची व पोलादाची बारीक धूळ थेट छातीत जाई. ‘ग्राइंडर्स अस्थमा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या फुफ्फुसरोगावर शेफील्डचे डॉक्टर आर्नल्ड नाइट यांनी १८३० मध्ये लिहिले, आणि कोरड्या दगडावर काटे घासणारे कामगार २८ ते ३२ या वयातच मरण पावतात असे नोंदवले. जर्मन विचारवंत फ्रीडरिख एंगल्स यांनी इंग्लंडमधील कामगारवर्गावरील १८४५ मधील आपल्या ग्रंथात नाइट यांचा आधार घेतला. धूळ ओढून घेणारे पंखे कायद्याने लागू होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. पंखे माहीत असूनही त्यांना इतका विलंब व्हावा, ही या धंद्याच्या कीर्तीवरील सर्वांत काळी छाया आहे. चांदीकामाला शेवटची झळाळी देण्याचे काम बहुतांशी स्त्रियांकडे असे. ‘बफर गर्ल्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामगार स्त्रिया तपकिरी कागद अंगाभोवती बांधून, तेल आणि बारीक वाळू लावलेल्या चाकांवर दिवसभर भांडी घासत.

काळे न पडणारे पोलाद शोधण्याच्या प्रयत्नांत मुंबईचाही एक धागा आहे. १७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’चे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. वुट्झ म्हणजे भारतात मुशीत तयार होणारे उच्च कार्बनयुक्त पोलाद. हंट्समनने स्वतंत्रपणे शोधलेली वाट येथील लोहार शतकानुशतके चालत होते. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी वुट्झवर शास्त्रीय निबंध सादर केला, आणि लंडनचे चाकू-कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्यापासून वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे घडवून ते युरोपातील पोलादापेक्षा सरस असल्याचे जाहीर केले. स्टोडार्ट यांच्या सोबतीने मायकेल फॅरेडे यांनी वुट्झचे रहस्य शोधताना पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले, आणि त्यांत क्रोमियमही होते. त्याच सुमारास, १८२१ मध्ये, फ्रान्सच्या प्येर बेर्तिए यांनी क्रोमियमयुक्त लोखंड आम्लांना तोंड देते हे ओळखून ते चाकूंसाठी वापरण्याचे सुचवले. परंतु त्यांच्या मिश्रणात कार्बन फार असल्याने धातू ठिसूळ होई.

तो प्रश्न सुटण्यास १९१३ साल उजाडले. शेफील्डच्या गरीब वस्तीत वाढलेले आणि बाराव्या वर्षी पोलादाच्या कारखान्यात लागलेले हॅरी ब्रिअर्ली त्या वेळी बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातू तपासत होते. १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेला त्यांचा एक नमुना आम्लाने कोरला जाईना, आणि चाकूंच्या शहरात वाढलेल्या या माणसाला त्याचा खरा उपयोग तत्काळ उमगला. क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अदृश्य, घट्ट पापुद्रा धरते, म्हणून असे पोलाद सहसा गंजत नाही. आरंभीच्या स्टेनलेस चाकूंची धार मात्र यथातथाच असे, कारण या धातूला पाणी देण्याची, म्हणजे तापवून एकदम थंड करण्याची, अचूक उष्णता कारागिरांना अजून साधली नव्हती. १९२४ मध्ये ब्रिअर्ली यांच्याच प्रयोगशाळेतील त्यांचे उत्तराधिकारी डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद सिद्ध केले. ते अधिक झळाळते आणि कमी गंजते, पण पाणी देऊनही कडक होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४० पासून केकवर साखरेचा लेप देण्यास बंदी झाली, आणि लग्नांत साध्या केकवर पुठ्ठ्याचे, रंगवलेले आवरण ठेवून छायाचित्रे काढली जाऊ लागली. साखरेवरील नियंत्रण १९५३ पर्यंत टिकले. मधल्या काळात, १९४७ मध्ये, राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहात ९ फूट उंचीचा, सुमारे ५०० पौंडांचा केक मांडला गेला आणि तो वराच्या तलवारीने कापण्यात आला.

जुन्या वस्तूंच्या बाजारातून किंवा नव्या दुकानातून जोडी निवडताना हा सारा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो. जोडीतील दोन्ही वस्तूंवर ‘१८/८’ किंवा ‘१८/१०’ असा आकडा असेल तर सर्व्हर उत्तम समजावा, पण चाकूची धार फार काळ टिकणार नाही असे धरून चालावे. चाकूचे पाते सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या, पाणी दिलेल्या पोलादाचे असणे चांगले. सुक्या मेव्याचा, कठीण लेपाचा केक कापायचा असेल तर दाते हवेत, आणि लोण्याच्या किंवा सायीच्या लेपाचा मऊ केक असेल तर गरम पाण्यात बुडवून पुसलेले, पातळ व गुळगुळीत पाते अधिक स्वच्छ कापते. जुन्या चांदीच्या मुठी बहुधा दोन पातळ पत्रे डाख लावून जोडलेल्या, आतून पोकळ आणि राळेने भरलेल्या असतात. उकळत्या पाण्यात त्या ठेवल्या की राळ वितळते आणि पाते मुठीतून निसटते, म्हणून अशी जोडी कोमट पाण्याने हातानेच धुवावी आणि मूठ पाण्यात बुडू देऊ नये.