मडक्याआधी माणूस

मातीकामाची कुळकथा सांगताना आपण चाकापासून आणि मडक्यापासून सुरुवात करतो. पुरावा वेगळं सांगतो. चेक देशातल्या डोल्नी वेस्तोनित्से इथे 1925 साली सापडलेली भाजक्या मातीची स्त्रीमूर्ती जेमतेम 11 सेंटिमीटर उंच आहे आणि वय 25 हजार वर्षांहून जास्त. जगातली सगळ्यात जुनी ज्ञात मडकी, चीनमधली, त्यानंतर काही हजार वर्षांनी येतात. म्हणजे मातीचं भांडं सुचण्याआधी माणसाने मातीत स्वतःचं शरीर घडवून ते विस्तवात घातलं. त्या मूर्तीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसाही उमटलेला आहे. हा ठसा मला मूर्तीइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्याकडचा थोर दाखला घोड नदीकाठच्या इनामगावचा. शिरूर तालुक्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथल्या एका घरात, सुमारे 3,300 वर्षांपूर्वीच्या थरात, मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती होती. सोबत डोकं असलेली दुसरी मूर्ती आणि एक बैल. बिनडोक्याच्या स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होतं. मधे काडी घातली की ती बैलावर बसे. याच गावात मेलेली मुलं दोन कुंभांत, तोंडाला तोंड जुळवून, घराच्या जमिनीखाली पुरलेली आढळली, आणि एक प्रौढ पुरुष चार पायांच्या रांजणात बसवलेला. ज्या मातीने त्या स्त्रीमूर्तीला अंग दिलं तिनेच मुलाला पोटात घेतलं. जन्माबद्दल आणि मरणाबद्दल त्या लोकांना काय वाटत होतं, हे लिपी नसताना इतकं स्पष्ट कुठे वाचायला मिळेल?

इनामगावच्या कित्येक मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत. विधीपुरत्या करायच्या आणि सोडून द्यायच्या, असा अभ्यासकांचा कयास. मला हे कूळ थेट आपल्या गणेश चवथीपर्यंत आलेलं दिसतं. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, घरचा पाट नेऊन द्यायचा, त्यावर चिकणमातीचा गणपती घडतो, रंगतो, घरी येतो आणि दीड, पाच किंवा जास्त दिवसांनी पाण्यात विरघळतो. तो भाजत नाहीत, कारण त्याला परत जायचं असतं.

त्याही मागे सातेरी देवी आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या मुलखात ती वारुळाच्या, इथल्या बोलीत रोयणीच्या, रूपात पुजली जाते. ही माती वाळवीने रचलेली, माणसाचा हात न लागलेली. काही देवळांत त्या वारुळावर मुखवटा बसवतात, लुगडं नेसवतात. मातीच्या उंचवट्यात स्त्री पाहण्याची ही रीत मूर्तिकलेचं मूळच आहे, असं माझं मत आहे.

पेडण्यातल्याच हरमलला गोड्या पाण्याच्या तळ्याकाठची पिवळसर माती पाहुणे अंगाला फासून उन्हात बसतात. ती वाळली की तडकते. मूर्तिकाराची सगळी विद्या याच तडकण्याभोवती उभी आहे. भांड्याची भिंत सारख्या जाडीची असते; माणसाचं तसं नाही. धड जाड, मनगट बारीक. बारीक भाग आधी वाळतो आणि आकसतो, जाड भाग मागे राहतो, आणि सांध्याला चीर जाते. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन मूर्ती फुटते. म्हणून धड आतून कोरून पोकळ करतात, कुठेतरी भोक ठेवतात, मातीत जुन्या भाजक्या खापराचा चुरा मळतात आणि बोटं ओल्या फडक्यात गुंडाळून सावकाश वाळू देतात. सातवाहनकाळात तेर गावच्या कारागिरांनी पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन साच्यांत अर्ध्या-अर्ध्या काढून जोडल्या. त्या पोकळ होत्या, म्हणून भट्टीत टिकल्या.

साच्याने एकसारखे चेहरे मिळाले, पण अंगठ्याचा दाब गेला. आजचा मृदाशिल्पकार पुन्हा साचा बाजूला ठेवून हाताने धड वळवतो, गुडघ्याजवळ बोटांचे खड्डे तसेच राहू देतो. डिचोलीचे कुंभार वापरतात तसल्या लोहयुक्त मातीला भट्टीत मोकळी हवा मिळाली तर अंग तांबडं निघतं, धूर कोंडला तर काळं. कोणतं निघावं हे शिल्पकाराने ठरवलेलं असतं, तरी प्रत्येक भट्टी ते पूर्णपणे ऐकतेच असं नाही.