खाडीत कोणी कोणाला वाट द्यावी? होडी आणि मासेमारीचे शिष्टाचार

मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून गळ घेऊन निघालेला हौशी माणूस थोड्याच वेळात वसईच्या खाडीवर पोहोचतो. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे समुद्राकडचे मुख. इथे कोळी बांधव जाळी लावतात, काठावर आणि छोट्या होड्यांत हौशी लोक गरवत बसतात. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोटही सुरू झाली आहे. शिवाय ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग आहे. एवढी वर्दळ असूनही पाण्यावर पट्टे आखलेले नसतात की सिग्नल नसतो. मग आधी जायचे कोणी आणि थांबायचे कोणी?

मूळ नियम काय?

ज्याला सहज वळता येत नाही, त्याला सहज वळता येणाऱ्याने वाट द्यायची. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांचाही गाभा हाच आहे. त्यानुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीने जाळे टाकलेल्या होडीपासून दूर राहायचे असते.

इथे हौशी मंडळींचा अनेकदा गैरसमज होतो. नियमांच्या भाषेत ‘मासेमारी करणारी होडी’ म्हणजे जिच्या जाळ्यामुळे किंवा दोरांमुळे तिला हवे तसे वळता येत नाही, ती होडी. चालत्या होडीतून गळ ओढत नेणाऱ्याला हा मान मिळत नाही. वाट त्यानेच द्यायची.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अरुंद प्रवाहमार्गात मासेमारी करणाऱ्याने इतर बोटींचा रस्ता अडवायचा नसतो. ओहोटीला खाडीचा बराच भाग उथळ होतो. मोठ्या बोटीला खोल पाण्याची एकच पट्टी उरते आणि ती बाजूला वळली तर गाळात रुतते. म्हणून त्या पट्टीत किंवा पुलाच्या गाळ्याखाली नांगर टाकून गरवत बसू नये.

समोरासमोर आल्यास

दोन इंजिनाच्या होड्या समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचे. अरुंद मार्गातही उजव्या कडेनेच जायचे. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या सवयीच्या अगदी उलट! भोंगा एकदा थोडक्यात वाजला तर ‘मी उजवीकडे वळतो आहे’, दोनदा वाजला तर ‘डावीकडे’. पाच किंवा अधिक वेळा भराभर वाजला तर ‘तुमचा इरादा कळत नाही, सांभाळा’.

रात्री दिवे पाहावेत. वर लाल आणि खाली पांढरा दिवा म्हणजे होडी मासेमारीत गुंतली आहे. वर हिरवा आणि खाली पांढरा असेल तर ती मागे जाळे ओढत चालली आहे. लहान होड्यांवर असे दिवे नसतातही, त्यामुळे अंधारात वेग कमीच ठेवावा.

जाळे कुठे आहे, हे कसे ओळखावे?

खाडीत बोक्षी जाळे लावतात. हे पिशवीसारखे असते. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते खुंटांना बांधतात; पाणी आत शिरते आणि त्याबरोबर कोळंबी, लहान मासळी अडकते. खुंट दिसले की जाळे प्रवाहाच्या दिशेने त्यांच्या मागे पसरलेले आहे, असे समजावे. खुंट आणि मागचा बोया यांच्यामधून होडी घालू नये. खुंटांच्या वरच्या अंगाने किंवा बोयाला लांबून वळसा घालून जावे. भरती-ओहोटी बदलली की प्रवाह उलटतो आणि जाळ्याची बाजूही बदलते. म्हणून सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी मोकळी असेलच असे नाही.

गळ टाकणाऱ्यांनी काय पाळावे?

- आधी येऊन बसलेल्याची जागा त्याची. त्याच्या वरच्या प्रवाहात अगदी जवळ नांगर टाकल्यास आपली दोरी वाहत जाऊन त्याच्या दोरीत गुंतते.
- नांगरलेल्या होडीजवळून जाताना वेग कमी करावा. इंजिनाच्या लाटेने लहान होडीत पाणी शिरते, उभा असलेला माणूस तोल जाऊन पडू शकतो.
- जेट्टीवर गरवत असाल तर बोट लागण्याआधी दोरी गुंडाळून घ्यावी. जेट्टी आधी उतारूंची आणि मासळी उतरवणाऱ्यांची.
- खुंटांना किंवा कोणाच्या बोयाला होडी बांधू नये.
- तुटलेली दोरी आणि गऱ्या पाण्यात किंवा चिखलात टाकू नयेत. निवटे, चिंबोऱ्या पकडायला लोक त्याच चिखलात अनवाणी उतरतात.

चुकून जाळे पंख्यात अडकले तर?

लगेच इंजिन बंद करावे. उलट गियर टाकून सुटका करू पाहिली तर गुंता वाढतो. पंखा वर उचलता येत असेल तर उचलून जाळे हाताने सोडवावे. कापावेच लागले तर कमीत कमी कापावे आणि सुटा तुकडा होडीत घ्यावा. पाण्यात वाहणारे जाळे मालकाविनाच मासे मारत राहते.

त्यानंतर जाळ्याचा मालक शोधून त्याला सांगावे आणि भरपाईचे बोलावे. जाळे फाटले की नव्या जाळ्याचा खर्च तर येतोच, दुरुस्ती होईपर्यंतच्या भरत्याही हातच्या जातात. गरवायला आलेल्याची एक सुट्टी वाया जाते, पण जाळेवाल्याच्या घरची चूल त्यावर असते.