कवंदीची कुळकथा : काठाकडून मध्याकडे

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेक जण निसटले आणि घाटातल्या रानात वसले. २००४ मध्ये अमेरिकन कलाभ्यासक हेन्री ड्रूवाल यांच्या मदतीने या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी परदेशी प्रदर्शनांत पोचली. तिथे तिचे भडक, बेधडक रंग पाहून अनेकांनी ठरवून टाकले की ही कला आफ्रिकेतूनच आली. मला हे पटत नाही. गोधडीचे कूळ रंगांवरून ठरत नाही, टाके कोणत्या क्रमाने पडले यावरून ठरते. आणि कवंदीतला क्रम दख्खनच्या गोधडीकडे बोट दाखवतो.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. खाली जुनी साडी अंथरायची. एका कोपऱ्यावर पहिले ठिगळ ठेवायचे, त्याची कड आणि साडीची कड दोन्ही आत मुडपायच्या आणि धावदोऱ्याने काठ पकडायचा. पुढचे ठिगळ आधीच्यावर किंचित चढवायचे. कोपरा आला की वळायचे. असे चारही काठ झाले की दुसरा फेरा आतून; फेरे आखूड होत जातात आणि मधली जागा सर्वांत शेवटी भरते. ठिगळ जोडणारा आणि थर बांधणारा टाका एकच असतो. अमेरिकी पद्धतीत आधी तुकडे जोडून चौकोन करतात, चौकोन जोडून वरचे पान करतात, मग खाली भराव आणि अस्तर घालून तिन्ही थर शिवतात. दोन्ही ठिकाणी ठिगळेच दिसतात, पण शिवणारीच्या डोक्यातला हिशेब निराळा. एकीला आकृती आधी ठरवावी लागते. दुसरीला हातात येईल ती चिंधी लावत पुढे सरकता येते. महाराष्ट्रातल्या अनेक वाकळांत आणि उत्तर कर्नाटकातल्या कौदीतही टाका असाच काठाकाठाने फिरत मध्याकडे जातो. कवंदी आणि कौदी ही नावेसुद्धा एकमेकींच्या शेजारची आहेत.

आफ्रिकी मूळ मानणारे पश्चिम आफ्रिकेतल्या अरुंद पट्ट्यांच्या विणकामाचा दाखला देतात. पण गोव्यात आलेले गुलाम मुख्यतः मोझांबिक आणि पूर्व किनाऱ्यावरून आले होते. घानाच्या विणकराचा वारसा त्यांच्या पदरी कसा बांधायचा? दुसरा पक्ष पोर्तुगीज ‘कोल्शा’चे नाव घेतो. पोर्तुगीज श्रीमंतांसाठी बंगालमधल्या सातगावला आणि गुजरातेत तयार होणाऱ्या त्या चादरी प्रसिद्धच आहेत, पण त्या अखंड कापडावर रेशमाने भरलेल्या. चिंध्या जोडण्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

तरी मला सर्वांत मोलाचा धागा सापडतो तो पोर्तुगीज काळातल्याच एका पुस्तकात. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेला डच लेखक लिन्सखोतेन खंबायतच्या मालाबद्दल लिहिताना अशा चादरींना ‘कोल्शा’बरोबर ‘गोदोरिन’ असेही नाव देतो. हा आपल्या गोधडीच्या, हिंदी गुदडीच्या घरातला शब्द. याचा अर्थ, सोळावे शतक संपण्याआधीच गोधडी आपल्या देशी नावानिशी पोर्तुगीजांच्या तोंडी बसली होती. त्यांच्या घरांत गुलाम बायका राबत होत्या. मालकिणीचे रेशीम त्यांच्या वाट्याला येणे नव्हते. फाटके लुगडे, सुई आणि शेजारणीचा हात मात्र मिळत होता. कवंदीचा आरंभ मी तिथे धरतो. घाटात गेल्यावर शेजारच्या कौदीने तो टाका पक्का केला.

मग सिद्दींचे स्वतःचे काय, असा आक्षेप रास्त आहे. त्यांचे पुष्कळ आहे. चारही कोपऱ्यांवर घड्या घालून बसवलेले त्रिकोण, ज्यांना त्या ‘फुला’ म्हणतात, ते नसतील तर कवंदी त्यांना उघडी वाटते. ख्रिस्ती घरात क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर. रंग शेजारी शेजारी भिडवण्याचे धाडसही त्यांचेच, आणि त्यात आफ्रिकेची आठवण असेल तर मी ती नाकारणार नाही. पण आठवण नजरेत राहिली, टाका इथे शिकला गेला. उसना टाका घेऊन त्यावर स्वतःची मुद्रा उमटवणे हे काही कमी कर्तृत्व नव्हे. उलट, ज्यांच्याकडून सगळे हिरावले गेले त्यांनी चिंध्यांतून उभी केलेली ही मालमत्ता आहे.

गोधडी झिजेपर्यंत वापरली जाते, म्हणून जुने नमुने हाती लागत नाहीत. तेव्हा घरातली जुनी वाकळ टाकून देण्याआधी ती उलटी करा, टाका कुठून निघाला आणि कुठे संपला ते पाहा, आणि शिवणारीच्या नावगावासह लिहून ठेवा. हा वाद मिटवणारा पुरावा संग्रहालयांपेक्षा आपल्या माळ्यांवर असण्याचा संभव अधिक आहे.